घरात कुणी नाही

"हाय का कुणी घरात?" अंगणातून एका पुरुषाची हाक आली, आणि पडवीत बसलेल्या गोजराबाईंनी सुपातल्या तांदळांवरची नजरही न काढता उत्तर दिलं, "कुणी न्हाई."

"बरं, मग सांच्याला येतो," तो माणूस म्हणाला. चपलांचा आवाज फाटकापर्यंत गेला, मोटारसायकल सुरू झाली आणि गावाच्या रस्त्याला लागली. मागच्या खोलीत कॉटवर बसलेल्या कौस्तुभने तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच धरून ठेवला. अर्धवट उघड्या दारातून त्याला पडवी दिसत होती. सूप घेतलेल्या गोजराबाई, वाळलेले कपडे घडी करणारी त्यांची सून साधना, पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली अपूर्वा, आणि सांडलेल्या तुसात बोटाने मांजर काढणारी सहा वर्षांची किमया. चारजणी होत्या. चौघींनी ते उत्तर ऐकलं होतं आणि तिघींना त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

"आजी, तू खोटं बोललीस!" किमया म्हणाली.

"आता गं बया! काय खोटं बोलली मी?"

"तू आहेस की घरात. साधनाकाकू आहे, आई आहे. मी पण आहे."

गोजराबाई तोंडभरून हसल्या. "खोटं कशाचं त्यात? इचारनाऱ्याला कळतंय की."

अपूर्वाने लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. "म्हणजे आपण चौघी कुणीच नाही का हो मावशी?"

"आवं, मळणीच्या मशिनीचं इचारायला आला आसंल त्यो. मालक आल्याबिगर आपन काय सांगायचं त्याला?"

"मशीन कवा आनायची ते मीच ठरवलंय की," साधना घडी मोडू न देता म्हणाली. "मामांस्नी कुटं म्हाईत हाय?" मग सगळ्याच हसायला लागल्या. अपूर्वा तर इतकी हसली की तिला खोकला आला. गुरुवारपासून हसलं की तिला खोकला यायचा.

कौस्तुभला हसू आलं नाही. त्याने कप खाली ठेवला आणि पाय वर घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, जसं काही कुणी त्याला शोधायला येणार होतं. वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. साधं, घासून गुळगुळीत झालेलं वाक्य. गेल्या गुरुवारी दुपारी ते त्याच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडलं होतं, आणि त्यानंतर घडलं ते सगळ्यांना माहीत होतं. फक्त ते वाक्य कुणाला माहीत नव्हतं. त्याला आणि भैरूला सोडून.

भूगावच्या त्यांच्या इमारतीत तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत गुरुवारी आग लागली. आग तशी मोठी नव्हती, पण वायरी जळत राहिल्या आणि काळा धूर जिना धरून वर चढला. वॉचमन भैरूने आधी फोन लावले, मग सापडेल त्याला घेऊन दारं ठोठावली. जिथे माणसं होती तिथली खाली उतरवली. पाचव्या मजल्यावरचं कौस्तुभचं दार त्याने ठोठावलं नाही. आत अपूर्वा आणि किमया होत्या. किमयाला ताप होता म्हणून अपूर्वाने रजा घेतली होती, आणि औषधाच्या गुंगीत झोपलेल्या मुलीशेजारी तिचाही डोळा लागला होता. वासाने जाग आली तेव्हा जिन्यात पाऊल टाकायची सोय उरली नव्हती. तिने दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले, किमयाला बाल्कनीत नेलं आणि चादर फडकवत खालच्या लोकांना हाका मारत राहिली. खालची माणसं पळापळीत होती. ज्या घरात कुणी नाही त्या घराच्या बाल्कनीकडे बघायचं कुणाला कसं सुचावं? शेवटी अग्निशमन दलाच्या माणसांनी त्यांना खाली आणलं. किमयाला एक रात्र ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. हे वाक्य मात्र कौस्तुभने सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं.

इमारतीत वीज यायला वेळ होता, भिंतींना धुराचा वास होता, म्हणून ते इथे, रिहे गावात येऊन राहिले. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी गोजराबाईंचे मालक गेणबा यांनी पडवीला लागून मागे दोन खोल्या बांधल्या होत्या. अपूर्वाच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्या सुचवल्या. खोऱ्यातलं भात कापून झालं होतं. खाचरांत नुसते खुंट उरले होते आणि हवेत सगळीकडे पेंढ्याचा गोडसर वास होता. अपूर्वा म्हणाली, इथे श्वास तरी घेता येतो. कौस्तुभला तो घेता येत नव्हता. रविवार असून तो सकाळपासून डोकं दुखतंय म्हणून खोलीत पडून होता. तो फिरायला गेलाय असंच गोजराबाईंना वाटत असणार, नाहीतर त्या "कुणी न्हाई" म्हणाल्या नसत्या. ह्या विचाराने त्याला नव्याने लाज वाटली. घरातल्या चारही बायकांपेक्षा, दोन दिवसांपूर्वी पिशव्या घेऊन आलेला हा भाडेकरू अधिक 'कुणी' होता.

गुरुवारी फोन आला तेव्हा तो हिंजवडीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होता. स्क्रीनवर त्याचे तक्ते होते आणि पलीकडे क्लायंटची माणसं होती. भैरूचं नाव दिसलं म्हणून त्याने माइक बंद केला आणि फोन कानाला लावला. "सायेब, भैरू बोलतोय. मीटरच्या खोलीत धूर झालाय. तुमच्या घरात कुणी हाय का?" आणि तो म्हणाला, "नाही रे, घरात कुणी नाही. मी ऑफिसला आहे. संध्याकाळी आलो की बघतो." भैरू "बरं" म्हणाला. कौस्तुभने माइक पुन्हा चालू केला आणि उशिराबद्दल सगळ्यांची माफी मागितली. आवाजात कंप नव्हता, मनात शंका नव्हती. त्या क्षणाकडे तो गेले तीन दिवस पुन्हापुन्हा जात होता, एखादी फट सापडते का ते बघायला. मीटिंगची घाई, भैरूचा तुटक आवाज, धूर हा किरकोळ शब्द. पण फट सापडत नव्हती. त्याला प्रश्न नीट ऐकू आला होता आणि त्याने नीट उत्तर दिलं होतं. मीटरचं काहीतरी आहे, बघायला कुणीतरी पाहिजे, कुणी नाही. इतकं सरळ. वास्तविक घरात एमसीबीचा खटका पडून वीज गेली तर तोच अपूर्वाला हाक मारायचा. ती स्टूल घेऊन चढायची आणि तो खालून टॉर्च धरायचा. तरी 'कुणी' म्हटल्यावर तिचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला नाही. तिला त्याने वगळलं असंही नाही. वगळायला ती आधी यादीत असायला हवी होती.

आणि हे आपल्या हातून व्हावं! आपल्या! कौस्तुभला स्वतःबद्दल जी काही चांगली मतं होती त्यातली बरीचशी ह्याच बाबतीतली होती. भांडी तो घासायचा. लग्नात अपूर्वाचं नाव बदलायचं निघालं तेव्हा भटजींच्या हातातलं तांदळाचं ताट त्यानेच बाजूला सारलं होतं. किमया झाली तेव्हा मुलगी म्हणून बर्फी वाटायची असं सगळे म्हणत असताना त्याने मुद्दाम पेढे वाटले होते, आणि पेढा बघून "अरे वा, मुलगा का?" म्हणणाऱ्या प्रत्येकाला "नाही, मुलगी" असं छाती पुढे काढून सांगितलं होतं. त्यावर लोक "असू दे, असू दे, हरकत नाही" म्हणाले होते, आणि त्या 'हरकत नाही'ची त्याने ऑफिसात किती दिवस टिंगल केली होती! आता कॉटवर पडल्यापडल्या त्याला वाटलं, मुलगी झाल्यावर मुलाची मिठाई वाटण्यात तरी आपण एवढं काय मिळवलं? बर्फीची इज्जत वाढली का त्याने? किमयाला तो लाडाने "काय रे बेटा" म्हणायचा. गुरुवारी हॉस्पिटलात ऑक्सिजनचा मास्क काढल्यावर ती रडली नाही तेव्हा तो म्हणाला होता, "शाब्बास रे माझ्या वाघा!" लाड आला की मुलीचा मुलगा करायचा. मुलाला लाडात येऊन "काय गं" म्हणणारा बाप त्याने कुठे पाहिला नव्हता.

त्याला जिंतूरचं घर आठवलं. वडील शाळेत मास्तर होते, संध्याकाळी शिकवण्या घ्यायचे, त्यामुळे दारावर सतत कुणी ना कुणी यायचं. "घरात कुणी आहे का?" आणि स्वयंपाकघराच्या पडद्याआडून आईचा आवाज यायचा, "कुणी नाही." त्या आवाजात दुःख नव्हतं, राग नव्हता, लाज तर नव्हतीच. बाजारात वांगी नाहीत असं सांगावं तसं ती सांगायची. आई घरात होती म्हणूनच तर उत्तर देत होती, ही गंमत त्याच्या तेव्हा लक्षात आली नाही आणि पुढेही कधी आली नाही. किमयाच्या मात्र एका झटक्यात आली. एकदा कुणी पाहुणे गावाहून आले आणि वडील परभणीला गेलेले. त्यांनी विचारलं, "घरात मोठं माणूस कुणी?" तेव्हा आईने पडद्याआडून त्याला पुढे ढकललं होतं. तो दुसरीत होता, चड्डीचं बटण तुटलेलं. "हा आहे ना, कौस्तुभ," आई म्हणाली. पाहुणे खुर्चीवर बसले, त्यांनी त्याला वडील कधी येणार ते विचारलं, त्याने आत जाऊन आईला विचारलं आणि बाहेर येऊन सांगितलं. असं चार-पाच वेळा झालं. पडदा काही फार जाड नव्हता, सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. आपण मोठे झालो असं त्याला वाटलं होतं. त्या दिवशीचं ते सुख त्याच्या अंगात अजून होतं, हे त्याला आता जाणवलं.

आणि आशालता. त्याची मोठी बहीण दहावीला तालुक्यात पहिली आली तेव्हा वडिलांनी येईल त्याला सांगितलं, "ही माझी मुलगी नाही, मुलगा आहे मुलगा." आशालता खाली बघून हसत होती. तिला तिच्या आयुष्यातलं सर्वात मोठं बक्षीस मिळालं होतं. दोन वर्षांनी कौस्तुभला गणितात जेमतेम मार्क पडले तेव्हा त्याच वडिलांनी जेवताना म्हटलं, "बांगड्या भर आता हातात." त्याने मान खाली घातली आणि त्याला समोर आईचा हात दिसला. ती त्याच्या ताटात भाजी वाढत होती. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, त्या पळीबरोबर वाजत होत्या. तो हात थांबेल असं त्याला क्षणभर वाटलं होतं. हात थांबला नाही. आईने भाजी वाढली, "अजून घे" म्हणाली आणि पळी पातेल्यात ठेवली. आशालता जेवत राहिली. ती मुलगा झाली होती, तिला त्यात लागण्यासारखं काही नव्हतं.

पण ही सगळी उजळणी आपण कशासाठी करतोय हे त्याला कळत होतं. आईवर, वडिलांवर, जिंतूरवर थोडंथोडं वाटून टाकलं तर आपल्या वाट्याला कमी येईल असा तो हिशेब होता. आणि त्यात भैरूलाही धरायचं. शुक्रवारी त्याने खरोखरच असं मनाशी म्हणून पाहिलं होतं: भैरू घोटावड्याचा, इथलाच माणूस, त्याला कळायला नको? त्याच्या घरी असंच बोलत असतील ना? गोजराबाईही तेच म्हणाल्या, इचारनाऱ्याला कळतंय. पण भैरूने पुरुषमाणसाची चौकशी केली नव्हती. धूर चढत होता आणि तो जिवंत माणसांची चौकशी करत होता. एक पँटशर्टवाला, लॅपटॉपवाला साहेब 'कुणी नाही' म्हणतोय म्हटल्यावर त्याने त्याचा सरळ अर्थ घेतला.

सर्वांत वाईट गोष्ट फोनची नव्हती, त्यानंतरची होती. तो धावतपळत पोचला तेव्हा आवारात गर्दी होती. अपूर्वा फुटपाथच्या कडेला बसली होती, नाकपुड्या काळ्या झालेल्या, मांडीवर किमया. समोर भैरू उभा होता. ती त्याला विचारत होती, "सगळ्यांची दारं वाजवलीस ना? मग आमचंच कसं सोडलंस?" भैरूने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला कौस्तुभ दिसला. त्याने कौस्तुभकडे बघितलं, फक्त बघितलं, आणि कौस्तुभ ओरडला, "एवढी साधी गोष्ट कळत नाही तुला? माझी मुलगी होती वर!" सगळं आवार ऐकेल इतक्या मोठ्याने ओरडला. लोकांनी त्याला धरलं, शांत केलं, पाणी दिलं. बापाचं काळीज, कुणीतरी म्हणालं. भैरूने तोंड मिटलं ते मिटलंच. हॉस्पिटलच्या बाकावर बसून कौस्तुभने फोनमधून भैरूच्या कॉलची नोंद काढून टाकली. एका बोटाचं काम. त्या बोटाची त्याला आता किळस येत होती.

"उठलास का?" अपूर्वा दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून होतं. "ऐकलंस ना मघाशी? आम्ही चौघी कुणीच नाही म्हणे. आणि तू आतून ओ नाही दिलीस ते! चल, पाचला मीटिंग आहे. निरंजनचा पुन्हा फोन आला होता. एजन्सी भैरूला काढायला तयार आहे, पण आपण सगळ्यांसमोर तक्रार सांगितली पाहिजे म्हणाला. किमया इथेच राहील साधनाजवळ."

निरंजन सोसायटीचा सेक्रेटरी होता. कौस्तुभ "हो" म्हणाला आणि तोंड धुवायला गेला. आरशात त्याला एक नीटनेटका, काळजीने ओढलेला, कुणालाही सहानुभूती वाटावी असा चेहरा दिसला. आज बोललो नाही तर भैरूची नोकरी जाणार आणि मी सुटणार, इतकं ते साधं होतं. किंवा भैरूच तिथे सगळ्यांसमोर बोलणार. ह्या दुसऱ्या शक्यतेने तो घाबरला, आणि आपल्याला बोलायचं आहे ते भैरूसाठी की भैरूच्या आधी बोलावं म्हणून, हे त्याला स्वतःलाच सांगता येईना.

गाडी निघाली. गेणबा वाटेत खाचराच्या बांधावर भेटले, त्यांनी हात केला. "मीटिंगला व्हय? जा, जा. वाचमनला चांगलं खडसवा," ते म्हणाले. "पोरगी वाचली म्हून बरं." कौस्तुभने मान डोलावली. रस्त्यात पेंढा पसरलेला होता, त्यावरून चाकं मऊ आवाज करत गेली. अपूर्वा बोलत होती. "त्याला काढाच असं मी म्हणणार नाही. गरीब आहे, ते कळतं. पण त्याने उत्तर द्यायला हवं. मी रोज रात्री तेच बघते, कौस्तुभ. मी ओरडतेय, लोक खाली आहेत, आणि कुणी वर बघत नाही. माझ्या मनात काय आलं माहितीय? आपण आहोत हे ह्यांना माहीतच नाही. असं कसं होईल?"

घोटावड्याच्या अलीकडे भाताच्या गिरणीच्या भिंतीशी त्याने गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. एका कारखान्याची बस शेजारून गेली, गाडी हलली.

"काय झालं? डोकं दुखतंय का परत?"

"त्याने मला फोन केला होता," कौस्तुभ म्हणाला. "भैरूने. धूर दिसला तेव्हाच. घरात कुणी आहे का म्हणून विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, कुणी नाही."

अपूर्वा समोरच्या काचेकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक काही येत होतं आणि जात होतं. मग तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "तू विसरलास," ती हळूच म्हणाली. "मीटिंगमध्ये होतास. सकाळी तिचा ताप उतरला होता, माझा मेसेज तू नीट बघितला नसशील, तुला वाटलं असेल तिला शाळेत सोडून मी ऑफिसला गेले. विसरलास ना?"

हा दरवाजा तिने स्वतः उघडून धरला होता, आणि किती मोठा दरवाजा! माणूस विसरतो. गॅसवर दूध विसरतो, चावी विसरतो. विसरणाऱ्याला लोक रागावतात आणि मग त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. "हो," कौस्तुभ म्हणाला.

अपूर्वा रडायला लागली. गुरुवारपासून ती एकदाही रडली नव्हती. "मग सांगायचं नाही का रे लगेच?" ती म्हणाली. "तीन दिवस एकटा घेऊन बसलास? कुणाचंही होऊ शकतं असं. माझंही झालं असतं." तिने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. तिच्या केसांना तीन वेळा धुऊनही किंचित धुराचा वास होता. ती त्याच्या केसांतून बोटं फिरवत होती, आणि त्याला वाटलं, ती भलत्याच माणसाला माफ करते आहे. तो विसराळू, भला, बिचारा माणूस कुणी दुसराच आहे, आणि त्याच्या जागी मी इथे डोकं टेकून बसलोय. हे त्याला सोसेना.

"नाही," तो तिच्या खांद्यापासून बाजूला होत म्हणाला. "विसरलो नव्हतो. मला माहीत होतं. फोनच्या थोडंच आधी तुझा मेसेज आला होता ना, ताप परत चढलाय, आम्ही दोघी झोपतोय म्हणून? तो वाचूनच मी अंगठा पाठवला होता."

तिची बोटं हवेतच राहिली, मग तिच्या मांडीवर आली.

"माहीत होतं आम्ही घरात आहोत ते."

"हो."

"आणि तरी तू कुणी नाही म्हणालास."

"हो."

"मग 'कुणी' म्हणजे कोण रे?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मघाशी किमयाने विचारलं होतं तसंच, फक्त ह्या वेळी हसायला कुणी नव्हतं. कौस्तुभने उत्तर शोधलं. बोलायची पद्धत. आई असंच म्हणायची. म्हणजे मीटर बघणारं कुणी. ही सगळी उत्तरं त्याच्या जिभेवर येऊन गेली आणि प्रत्येकाच्या तळाशी एकच उत्तर होतं. ते छोटं होतं आणि ओंगळ होतं.

"मी," तो म्हणाला. "मी घरात नव्हतो."

अपूर्वाने डोळे पुसले. ओढणीच्या टोकाने नाही, तळहाताने, घाईघाईने, कामाला लागण्याआधी पुसावेत तसे. "चल," ती म्हणाली. "उशीर होतोय. आणि तिथे विसरलो म्हणायचं नाहीस. मला सांगितलंस तसंच सांगायचंस."

घोटावडे फाटा, पिरंगुट, मग घाट, मग भूकुम. त्याने एकदाही तिच्याकडे बघितलं नाही.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे पुरुष बसले होते आणि मागच्या दोन ओळींत बायका. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. भैरू गेटच्या बाजूला भिंतीला टेकून उभा होता. त्याने गणवेशाचा शर्ट इस्त्री करून घातला होता. निरंजनने विषय काढताच कौस्तुभ उभा राहिला आणि त्याने सांगितलं. भैरूने फोन केला, मी कुणी नाही म्हणालो. बायको आणि मुलगी घरात आहेत हे मला माहीत होतं. विसरलो नव्हतो. मग खाली सगळ्यांसमोर मी त्याच्यावर ओरडलो, कारण तो खरं सांगेल अशी भीती वाटली. भैरूची काही चूक नाही. बोलताना त्याला आत कुठेतरी बरं वाटत होतं, की आता लोक आपल्याला काय म्हणायचं ते म्हणतील.

सगळ्यांनी निरंजनकडे बघितलं. मग निरंजन मोकळेपणाने हसला. "अहो, एवढंच ना? मी घाबरलो, म्हटलं आता काय ऐकायला मिळतंय! बोलायची पद्धत असते हो ती. मी पण असंच म्हणतो."

"आपण सगळेच म्हणतो," पुढच्या ओळीतून कुणीतरी दुजोरा दिला. "किती मनाला लावून घेताय." शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने कौस्तुभच्या पाठीवर थाप मारली. एकदोघांनी मान हलवून त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं.

"चला, मिटलं मग. भैरूला काढायचा प्रश्न नाही," निरंजन म्हणाला. "चूक कुणाचीच नाही. आता नवीन मीटर-पॅनेलचं बोलू या. बसा ना तुम्ही."

कौस्तुभला बसता येईना. कुणीतरी रागवावं, एकाने तरी उठून त्याला चार शब्द सुनवावेत म्हणून तो वाट बघत होता. पुढून काही येत नाही म्हटल्यावर त्याने मागे वळून बायकांच्या ओळींकडे बघितलं. अपूर्वा कडेच्या खुर्चीवर हात बांधून बसली होती. तिच्या शेजारी चौथ्या मजल्यावरच्या काकू होत्या, पलीकडे दोन तरुण मुली, एक कडेवर बाळ घेतलेली बाई. त्या हसत नव्हत्या. रागावलेल्याही नव्हत्या. सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या, आणि त्यांच्यातल्या एकीलाही ह्या गोष्टीचं आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.